टोपीवाल्याचा मुलगा, सरदारी नाव आणि ४२ रिळं

पिंपळपान:
काही वर्षांपूर्वी पुण्यात उन्हाळ्यातल्या महिनाभराच्या चित्रपट रसास्वाद वर्गाला गेले होते. तिथे एका दुपारी 'ग्रीड' हा १९२४चा मूकपट दाखवला. शेवटच्या दृश्यात क्षितिजापर्यंत पांढरीफटक जमीन, एक मेलेला माणूस आणि त्याच्या मनगटाशी बेडीने जखडलेला एक जिवंत माणूस. दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. तेव्हापासून त्याचा दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रॉहाइम माझ्या मनात मुक्काम ठोकून आहे.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १८८५ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडिलांचा धंदा टोप्या बनवण्याचा. १९०९च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, तो बोटीने न्यूयॉर्कला उतरला आणि अमेरिकेत त्याने नावामागे 'फॉन' लावला. 'फॉन' म्हणजे खानदानी घराण्याची खूण. पुढे आयुष्यभर तो हेच सांगत राहिला की आपण ऑस्ट्रियन उमराव, कॅथलिक, घोडदळातले अधिकारी. वर्तमानपत्रांनी ते छापलं, स्टुडिओंनी जाहिरातीत वापरलं. १९५७ मध्ये तो गेला, तेव्हाही जगाला हेच ठाऊक होतं. नंतर व्हिएन्नाच्या ज्यू समाजातली त्याची जन्मनोंद पुढे आली आणि टोपीवाल्याचा मुलगा सगळ्यांना कळला.

आता माझा प्रश्न. स्वतःबद्दल एवढं मोठं खोटं बोलणारा हा माणूस पडद्यावर मात्र खऱ्यासाठी हट्टाला पेटायचा. 'ग्रीड'ची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत घडते, म्हणून स्टुडिओत भिंती उभ्या न करता त्याने त्याच शहरातल्या खऱ्या घरांत, खऱ्या खोल्यांत चित्रीकरण केलं. शेवट डेथ व्हॅलीत आहे, तर सगळ्या मंडळींना ऐन उन्हाळ्यात डेथ व्हॅलीतच नेलं. ही दोन्ही माणसं एकाच माणसात कशी राहत होती? ते खोटं नसतं तर हे खरं आलं असतं का? मला वाटतं, नसतं आलं. पण का, ते नीट शब्दांत पकडता येत नाही. म्हणून हा धागा.

तिखटमीठ:
ताई, शेवट सांगून टाकलात की! आता मी बघू काय?

पिंपळपान:
अरे, चित्रपटाने शंभरी ओलांडली आहे! आणि शेवट माहीत असला तरी तो तेवढाच अंगावर येतो. बघच तू.

सागरगोटा:
धागा बघून फार आनंद झाला. मी सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर राहतो. फ्रँक नॉरिसच्या १८९९च्या मूळ कादंबरीत नायकाचा, म्हणजे एका दंतवैद्याचा, दवाखाना पोक स्ट्रीटवर आहे. पण १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत तो भाग जळून गेला होता. स्ट्रॉहाइमने मग जुनी घरं उरलेला कोपरा शोधला, हेज स्ट्रीट आणि लगुना स्ट्रीट जिथे मिळतात तो. मी तिथे उभं राहून वर खिडक्यांकडे बघत होतो, तर आईला व्हिडिओ कॉलवर वाटलं मी कुणाच्या घरात डोकावतोय.

त्याच्या आयुष्यातली आणखी एक जागा इथे जवळच आहे. माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावर वेस्ट पॉइंट इन म्हणून जुनं विश्रामघर आहे. सिनेमात जाण्याआधी तो तिथे पडेल ते काम करायचा. पहिली बायको मार्गारेट नॉक्स त्याला याच भागात भेटली. १९१३ मध्ये लग्न झालं, टिकलं नाही. त्या विश्रामघराच्या ओसरीवर बसलं की खाली सगळी खाडी दिसते. ज्याला अजून कुणीच ओळखत नाही असा तिशीच्या आतला माणूस संध्याकाळी इथे बसून काय विचार करत असेल, हे मला तिथे गेल्यावर दरवेळी वाटतं.

डेथ व्हॅलीला मी डिसेंबरात गेलो होतो, तेव्हासुद्धा दुपारी डोळे उघडे ठेवता येत नव्हते. १९१३च्या जुलैमध्ये तिथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी हा माणूस तिथे कॅमेरे घेऊन गेला.

हिशेबनीस:
सर्वांचा उत्साह समजतो, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. मी चित्रपटनिर्मितीचे हिशेब बघण्यात आयुष्य घालवलं. स्ट्रॉहाइमसारखा दिग्दर्शक ज्या निर्मात्याच्या वाट्याला येतो त्याची झोप कशी उडते, हे मी जवळून पाहिलं आहे.

'फूलिश वाइव्ह्ज' (१९२२) घ्या. युनिव्हर्सलच्या आवारात त्याने माँटे कार्लोचा चौक उभा केला, कॅसिनो, हॉटेल, सगळं. खर्च इतका चढला की कंपनीने शेवटी त्याचीच जाहिरात केली: दहा लाख डॉलरचा पहिला चित्रपट! न्यूयॉर्कमध्ये भला थोरला फलक लावला आणि त्याच्या नावातलं पहिलं अक्षर डॉलरच्या खुणेने लिहिलं. चित्रीकरण इतकं लांबलं की मधेच रुडॉल्फ ख्रिश्चन्स हा प्रमुख नट वारला. उरलेल्या दृश्यांसाठी दुसरा माणूस पाठमोरा उभा करून वेळ निभावून न्यावी लागली.

पुढच्याच 'मेरी-गो-राउंड'च्या वेळी युनिव्हर्सलचा निर्मितीप्रमुख आयर्विंग थॅलबर्ग याने त्याला मधूनच काढलं. थॅलबर्ग तेव्हा २३ वर्षांचा होता. दिग्दर्शक कितीही मोठा असो, चालू कामातून घरी जाऊ शकतो, हे हॉलिवूडला त्या दिवशी कळलं. सगळे थॅलबर्गला खलनायक ठरवतात. मी नाही ठरवणार. कारखान्यात शेकडो लोकांचे पगार अडकलेले असतात.

'ग्रीड'च्या चित्रीकरणावर साडेपाच लाख डॉलरच्या आसपास गेले आणि परत आले पावणेतीन लाखांच्या घरात. हे आकडे निर्मात्याच्या खुर्चीत बसून एकदा वाचून बघा.

पिंपळपान:
हिशेबनीस, तुमचा मुद्दा मान्य. पण पावणेतीन लाख कमावले ते कापलेल्या चित्रपटाने. पूर्ण चित्रपटाला तशी संधीच मिळाली नाही ना!

रीळवाला:
बाळांनो, मी जुना माणूस, आयुष्य प्रोजेक्टरच्या खोलीत आणि नंतर प्रयोगशाळेत गेलं. म्हणून पूर्ण म्हणजे नेमकं किती ते सांगतो.

एक रीळ १००० फुटांचं. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपट सेकंदाला २० चौकटींच्या गतीने चालवला तर एक रीळ तेरा-साडेतेरा मिनिटांचं होतं. स्ट्रॉहाइमने 'ग्रीड'ची पहिली जुळणी केली ती ४२ रिळांची. म्हणजे नऊ तासांच्या वर. १९२४च्या जानेवारीत मोजक्या लोकांनी ती एका दिवसात बसून पाहिली. मग त्याने स्वतः कापून २४ रिळं केली. त्याहून पुढे त्याचा हात चालेना, तेव्हा त्याचा मित्र रेक्स इन्ग्रॅमने १८वर आणलं. मधल्या काळात गोल्डविन कंपनी विलीन होऊन मेट्रो-गोल्डविन-मेयर झाली, तोच थॅलबर्ग तिथे आला, आणि नव्या मालकांनी दुसऱ्याच माणसांकडून १० रिळं करून घेतली. त्याच वर्षी ४ डिसेंबरला न्यूयॉर्कला लागला तो हा १० रिळांचा.

राहिलेली ३२ रिळं कुठे गेली? चांदी काढण्यासाठी जाळली, असं सांगतात. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांच्यासाठी: काळ्यापांढऱ्या फिल्मवर जी प्रतिमा दिसते ती चांदीच्या बारीक कणांचीच असते. जुनी फिल्म आमच्या धंद्यात वजनावर विकली जायची. मी स्वतः पोत्यांत भरलेली रिळं तराजूत चढलेली पाहिली आहेत. तेव्हा मी कामाला नवा होतो, तोंडातून शब्द फुटला नाही. तो तराजू अजून आठवतो.

आपल्याकडचे बहुतेक मूकपट असेच गेले. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' 'ग्रीड'नंतर एकाच वर्षाने, १९२५ साली आला. तोही पैशाच्या फासाचीच गोष्ट, तीही खऱ्या मातीतली. आज तो मूकपट बघायला मिळत नाही. आणि त्या काळची फिल्म नायट्रेटची, ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. पुण्यात २००३च्या जानेवारीत जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेली आग आठवत असेल इथल्या काहींना.

तिखटमीठ:
काका, हे वाचून खरंच वाईट वाटलं. सोन्याच्या हव्यासावरचा चित्रपट आणि तो संपला चांदीसाठी.

ओवी:
मी कादंबरी आधी वाचली होती, चित्रपट नंतर पाहिला. ट्रिना नावाच्या बाईला सोडतीत ५००० डॉलर लागतात. त्यानंतर ती त्या पैशाला हात लावू देत नाही, स्वतःही लावत नाही. नाणी घासूनपुसून लख्ख करते, अंथरुणात पसरून त्यांच्यावर झोपते. नवरा परवान्याशिवाय दंतवैद्यकी करतो म्हणून त्याचा दवाखाना बंद होतो आणि मग घर कणाकणाने सडत जातं. हे काम झासू पिट्सने केलंय. ती विनोदी भूमिकांसाठी ओळखली जायची. स्ट्रॉहाइमने तिच्या त्या मोठाल्या डोळ्यांत भीती पाहिली, जी तोवर कुणालाच दिसली नव्हती.

पिंपळपान, तुम्ही खऱ्या खोल्यांचं लिहिलंत त्याला माझी एक पुष्टी. त्यांच्या लग्नाचं दृश्य आठवा. खोलीत पाहुणे, भटजी मंत्र म्हणावेत तसा पाद्री वाचतोय, नवरानवरी उभी. आणि मागच्या खिडकीतून खाली रस्त्यावर एक अंत्ययात्रा चाललेली दिसते. खोलीतलं आणि रस्त्यावरचं एकाच वेळी, एकाच चौकटीत, दोन्ही स्पष्ट. कुठेही पाटी नाही, की बघा हो अपशकुन झाला. सेटवर रंगवलेल्या पडद्यासमोर हे होऊ शकलं नसतं. हिशेबनीसकाकांनी या खिडकीचा खर्चही मांडावा, माझी तक्रार नाही. पण तो वाया गेला असं म्हणू नये.

हिशेबनीस:
ओवी, या खिडकीचा खर्च मी मंजूर केला असता. नऊ तासांचा नसता केला.

नवखा_प्रेक्षक:
मी कॉलेजात आहे, मूकपट म्हणजे चॅप्लिनचे दोन-तीन पाहिलेत तेवढेच. स्ट्रॉहाइम नट पण होता ना? मला त्याच्या नटपणाबद्दल कुणी सांगेल का? आणि सुरुवात कशापासून करू?

पिंपळपान:
नवखा, नट म्हणूनच तो आधी माहीत झाला. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली बारीकसारीक कामं करत तो शिकला. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पडद्यावर दुष्ट जर्मन अधिकारी हवे झाले. याच्याकडे सगळं तयार होतं: तासलेलं डोकं, ताठ मान, एका डोळ्यावर भिंग, हातमोजे. 'द हार्ट ऑफ ह्युमॅनिटी'मध्ये तो रडणाऱ्या तान्ह्या बाळाला खिडकीतून बाहेर फेकतो. लोक संतापाने वेडे व्हायचे. जाहिरातीत त्याला म्हणायचे, 'ज्याचा राग करायला तुम्हाला आवडतो तो माणूस.'

युद्ध संपलं, तशी ही कामंही संपली. तेव्हा तो आपली कथा घेऊन युनिव्हर्सलचा मालक कार्ल लेम्ले याच्याकडे गेला आणि म्हणाला, कथा देतो, पण दिग्दर्शन मी करणार आणि कामही मीच करणार. तोवर त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. लेम्ले हो म्हणाला. तो 'ब्लाइंड हजबंड्स', १९१९. आल्प्समध्ये सुटीवर आलेलं अमेरिकन जोडपं आणि त्या बायकोच्या मागे लागलेला ऑस्ट्रियन लेफ्टनंट. तू इथूनच सुरुवात कर. लांबीलाही बेताचा आहे.

तिखटमीठ:
म्हणजे आपल्या निळूभाऊंसारखं. पडद्यावर आले की गावोगावच्या बाया बोटं मोडायच्या. त्याहून मोठी पावती नटाला कोणती?

कवडसा:
धागा छान चाललाय, पण एक गोष्ट सुटतेय. सगळे 'खोटं, खोटं' म्हणताहेत. ते खोटं कुठल्या शहरातून आलं ते बघा ना. व्हिएन्नाचा महापौर १८९७ ते १९१० कार्ल ल्यूगर होता. ज्यूंविरुद्ध उघड भाषणं करून तो निवडून यायचा. म्हणजे स्ट्रॉहाइम बारा वर्षांचा असल्यापासून बोटीत बसेपर्यंत तोच महापौर. त्या शहरात टोपीवाल्या ज्यूच्या मुलाने गणवेशातल्या घोडेस्वारांकडे बघत दिवस काढले असतील, तर नव्या देशात पहिल्यांदा नाव सांगताना त्याने काय सांगावं? मी त्याला खोटारडा म्हणायला तयार नाही. ज्या दारातून आत घेत नव्हते, ते दार त्याने स्वतःच्या नावात बसवून घेतलं.

दूरदेशी:
कवडसा, हे फार नेमकं लिहिलंत.

मी गेली १४ वर्षं जर्मनीत आहे. आल्यावर पहिल्या नोकरीत माझ्या वरिष्ठांनी एका बैठकीत सांगितलं की तुझं नाव आम्हाला उच्चारता येत नाही, आम्ही तुला अमुक म्हणू. मी मान डोलावली. आई फोनवर खऱ्या नावाने हाक मारायची तेव्हा चमकल्यासारखं व्हायचं. सहा वर्षं मी त्या दुसऱ्या नावाने वावरले. त्या नावाची बाई माझ्याहून जास्त ठामपणे बोलायची, हेही खरं. पुढची नोकरी घेताना मी माझं नाव परत लावलं. त्यामुळे 'फॉन'कडे मला फसवणूक म्हणून बघताच येत नाही.

आणि या गोष्टीत आणखी किती जण बाहेरून आलेले आहेत ते मोजा. लेम्ले जर्मनीतल्या लाउपहाइमचा. मेट्रो-गोल्डविन-मेयरमधला लुई मेयर रशियन साम्राज्यातून आलेल्या, भंगाराचा धंदा करणाऱ्या कुटुंबातला. रेक्स इन्ग्रॅम आयरिश. डेथ व्हॅलीत एकमेकांच्या उरावर बसलेले दोन नट, गिब्सन गोलंड इंग्लंडचा आणि जीन हर्शोल्ट डेन्मार्कचा. थॅलबर्गचे आईवडील जर्मनीहून आलेले. 'ग्रीड' बनवणारेही परके, कापणारेही परके. फक्त काहींनी आपण अमेरिकन आहोत असं ठरवलं आणि एकाने ठरवलं की आपण ऑस्ट्रियन उमराव आहोत.

सागरगोटा:
हर्शोल्टचं निघालंच आहे तर सांगतो. डेथ व्हॅलीच्या चित्रीकरणानंतर त्याला इस्पितळात ठेवावं लागलं होतं. त्या शेवटच्या मारामारीच्या वेळी स्ट्रॉहाइम दोघांना ओरडून सांगत होता म्हणे, की माझा जितका राग करता तितका एकमेकांचा करा!

रीळवाला:
'ग्रीड'नंतरचं कुणी लिहीत नाहीये, तर मी लिहितो. 'मेरी विडो' (१९२५) पुन्हा त्याच मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी, पुन्हा थॅलबर्गच्या हाताखाली. नायिका मे मरेशी कडाक्याची भांडणं झाली, मधे त्याला दूर केलं आणि काम करणारी माणसं त्याच्या बाजूने उभी राहिल्यावर परत बोलावलं. हा चित्रपट जोरात चालला. हिशेबनीस, याचीही नोंद घ्या.

'वेडिंग मार्च'साठी त्याने व्हिएन्नाचं सेंट स्टीफन कॅथेड्रल हॉलिवूडमध्ये उभं केलं. त्यातल्या कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या मिरवणुकीला दोनरंगी टेक्निकलर वापरलं आहे. लाल झगे, पांढरे घोडे, एकदम पडदा उजळतो. जिथून तो निघून आला तेच शहर त्याने नव्या देशात विटाफळ्यांनी परत बांधलं. त्याचा दुसरा भाग 'हनीमून' म्हणून वेगळा निघाला, त्याची उरलेली प्रत पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयातल्या आगीत गेली. मग ग्लोरिया स्वॅन्सनबरोबर 'क्वीन केली'. पैसा जोसेफ केनेडीचा, राष्ट्राध्यक्ष केनेडींचे वडील. १९२९च्या जानेवारीत स्वॅन्सन कामातून उठून गेली आणि चित्रपट तिथेच थांबला. बोलपट तर दारात येऊनच उभा होता. १९३३ मध्ये त्याने एक बोलपट केला, तोही दुसऱ्यांकडून पुन्हा चित्रित करवून वेगळ्याच नावाने लागला. त्यानंतर २४ वर्षं जगला, दिग्दर्शन एकाही चित्रपटाचं नाही.

प्रोजेक्टरच्या खोलीतून मी बरीच नावं पडद्यावर येताना आणि नाहीशी होताना पाहिली. याचं फार लागून राहिलं आहे.

ओवी:
काका, पण नट म्हणून तो राहिला ना. फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारच्या 'ला ग्रांद इल्यूझिओं'मध्ये (१९३७) तो जर्मन कैदखान्याचा अधिकारी फॉन राउफेनश्टाइन आहे. मानेला आधार देणारा तो पट्टा ही त्याचीच कल्पना. त्यात एक प्रसंग आहे. कोठडीची झडती चालू असताना तो फक्त उमराव असलेल्या फ्रेंच कैद्याचा शब्द मागतो, बाकीच्यांचा नाही. कैदी विचारतो, यांचा का नाही? तेव्हा तो म्हणतो, रोझेंथालचा शब्द? मारेशालचा? आणि हा रोझेंथाल कोण, तर ज्यू. त्याच चित्रपटात या रोझेंथालने सांगितलेलं असतं की माझा जन्म व्हिएन्नाचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला स्ट्रॉहाइमचं खरं माहीत नव्हतं. कळल्यावर परत पाहिलं आणि त्या एका ओळीला थांबवून ठेवलं. व्हिएन्नात जन्मलेला एक ज्यू माणूस उमरावाच्या गणवेशात उभा राहून, व्हिएन्नात जन्मलेल्या दुसऱ्या ज्यूच्या शब्दाला किंमत काय असं विचारतो. काय झालं असेल त्याच्या आत?

कवडसा:
ओवी, हे मला माहीत नव्हतं. वाचून बसून राहिले.

तिखटमीठ:
'सनसेट बुलेव्हार्ड' राहिला की! म्हाताऱ्या नटीचा बटलर मॅक्स. एकेकाळी तिचाच दिग्दर्शक आणि नवरा, आता तिच्यासाठी गाडी हाकतो. नटी म्हणजे ग्लोरिया स्वॅन्सनच, आणि ती घरच्या पडद्यावर बघते तो 'क्वीन केली'! स्ट्रॉहाइमला गाडी चालवता येत नव्हती म्हणून ती दोरांनी ओढत नेली, असं वाचलंय. त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं त्याला.

धागादोरा:
मी इथे सहसा वाचूनच जातो. पण पिंपळपानताईंचा मूळ प्रश्न तीन दिवस डोक्यात आहे, म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांचं नगरला भिंगारच्या छावणीजवळ शिंपीकामाचं दुकान होतं. लष्करी गणवेश शिवायचे. मी शाळेतून आलो की काज-बटण करायला बसायचो. साहेब लोक यायचे, आरशासमोर उभे राहायचे, बाबा पायाशी बसून तुमान मापायचे. साहेब आरशात स्वतःचा चेहरा बघायचे. गणवेशाकडे बघायचे ते बाबा. खिशावरची फीत किती बोटं वर हवी, कुठल्या हुद्द्याला किती बटणं, पट्टा आवळला की पाठीला चुणी कुठे पडते, हातमोजे धरायची पद्धत. त्या साहेबांना यातलं निम्मंही ठाऊक नसायचं. त्यांना ते जन्माचं असल्यासारखं अंगावर असायचं, त्यांना त्याकडे बघायची गरज नव्हती. घरी आम्ही भावंडं त्यांच्यासारखं चालून दाखवायचो. बाबा हसायचे नाहीत, चाल चुकली तर दुरुस्त करायचे.

हा धागा वाचून मी 'ब्लाइंड हजबंड्स' आणि 'फूलिश वाइव्ह्ज' दोन्ही पाहिले. तो सिगारेट ज्या तऱ्हेने धरतो, टोपी ज्या कोनात बसवतो, सलाम करताना टाचा जुळवतो, ते बघताना मला बाबांचं दुकान दिसलं. कुणी उमराव इतकं बारकाईने उमराव होत नाही. ते दुकानाच्या या बाजूला बसलेल्या मुलालाच जमतं. जो आयुष्यभर पकडले जाऊ या भीतीने जगला, त्याला एक बटणसुद्धा चुकवून चालणार नव्हतं. तीच सवय त्याने खोल्यांना लावली, रस्त्यांना लावली, वाळवंटाला लावली. म्हणून मला वाटतं, त्याचं खोटं आणि त्याचा खऱ्याचा हट्ट ही एकच गोष्ट आहे.

पिंपळपान:
धागादोरा, जे मला पकडता येत नव्हतं ते तुम्ही पकडून दिलंत. मनापासून आभार. तुमच्या बाबांना नमस्कार.

हिशेबनीस:
धागादोरा, फार सुंदर लिहिलंत. तरी माझं एक म्हणणं उरतंच. तुमचे बाबा तितक्याच बारकाईने शिवत होते आणि गणवेश दिलेल्या तारखेला तयार ठेवत होते. त्या तारखेत कलाच असते, असं मी मानतो.

धागादोरा:
हो, हे खरं आहे. दिवाळीच्या आधी बाबा रात्र रात्र बसायचे, पण तारीख चुकवली नाही. तरीही त्यांना कुणी ४२ गणवेश शिवल्यावर ३२ भट्टीत टाकलेले दाखवले असते, तर त्यांनी परत सुई हातात धरली नसती.

रीळवाला:
जाता जाता एक उपयोगाचं. १९९९ मध्ये रिक श्मिडलिन या माणसाने मूळ चित्रपटाच्या वेळी काढलेली शेकडो स्थिरचित्रं आणि स्ट्रॉहाइमची पटकथा वापरून 'ग्रीड'ची जवळपास चार तासांची जुळणी केली. गेलेली दृश्यं हलत नाहीत, पण कोण कुठे होतं ते कळतं. १० रिळांचा आधी बघावा, मग हा.

नवखा_प्रेक्षक:
काल रात्री 'ग्रीड' पाहिला, आजीबरोबर. मी पाट्या वाचून दाखवत होतो. लग्नाच्या दृश्यात मी खिडकी बघायची विसरलो, पाहुण्यांकडेच बघत होतो. आजीने माझा हात धरला आणि म्हणाली, "अरे, मागून मयत चाललंय, थांबव ते." मी थांबवलं. ती बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, लाव आता.

उद्या दुपारी चार तासांचा लावणार आहोत. आजीने शेजारच्या काकूंनाही बोलावलंय.